टिटवी गप्प होईपर्यंत

रुचाने देवासच्या औषध कारखान्यातील प्रयोगशाळेची नोकरी सोडली, तेव्हा तिचे वडील शरदचंद्र एवढेच म्हणाले, "अगं, पगारी माणसं रजा काढून पक्षी बघतात. तू त्यासाठी राजीनामा दिलास!" मुलांना पक्ष्यांची ओळख करून देणे हाही व्यवसाय असू शकतो, हे तिला स्वतःलाच अजून सिद्ध करता आलेले नव्हते. धारच्या एका खासगी शाळेने वर्षभराचे तास देऊ केले होते. अट एकच, एप्रिलमधला पहिला तास संचालकांच्या पसंतीस उतरला पाहिजे. दुसरी शाळा तिच्यापाशी नव्हती.

त्या सकाळी ती मुलांच्या आधी पोचली आणि मैदानाच्या एका कोपऱ्यातील खडीत तिला टिटवीची अंडी दिसली, खडीसारखीच ठिपकेदार. आनंद क्षणभरच टिकला. माळव्यात टिटवीच्या अंड्यांची टोके कुठे वळली आहेत यावरून पाऊस सांगतात. ज्या श्रद्धेने लोक ती पाहायला जातात, त्याच श्रद्धेने ती उलटीपालटीही करतात.

संचालक भैयासाहेब फोन सरसावूनच आले. त्यांचे पणजोबा संस्थानच्या शिकारखान्याचे कारभारी. निसर्गप्रेम घराण्यातच आहे असे ते सांगत, आणि त्यांच्या दिवाणखान्यातील पेंढा भरलेली जनावरे त्यास मूकपणे दुजोरा देत.

"बाई, काही प्रत्यक्ष दाखवा. घरटे, पिल्ले. पालकांना व्हिडिओ पाठवायचा आहे. नुसते व्याख्यान काय, आमचे गुरुजीही देतात."

"बघते," ती म्हणाली. दाखवले तर अंडी जाणार, न दाखवले तर काम.

मुले मैदानात उतरताच टिटवी त्यांच्या डोक्यांवरून झेपावत कर्कश ओरडू लागली. कुणी हसले, कुणी नक्कल केली.

"मॅडम, ये चिल्ला क्यूँ री है?" ईशानी नावाच्या मुलीने विचारले.

"आपण तिच्या घरात शिरलोय. घर कुठे, ते मी सांगणार नाही. ती गप्प होईपर्यंत मागे सरकायचं, एवढाच आजचा खेळ."

मुले मागे सरकू लागली. ओरडणे ओसरे, पुन्हा चढे.

"भिया, तू हिल मत ना!"

"मैं नी, तेरे जूते से डर री है!"

मुलांच्या पाठी भिंतीला टेकल्या, तेव्हा टिटवी खाली उतरली, खडीतून तुरूतुरू चालत गेली आणि पोटाखाली काहीतरी सावरत बसली. सगळ्यांना कळले.

"टोके तरी पाहू द्या, पाऊस कळेल," म्हणत भैयासाहेब पुढे निघाले. टिटवी किंचाळत उठली, आणि पाठोपाठ मुलेही.

"सर, पीछे! पीछे!"

संचालकांना मागे हटवण्याची त्या शाळेतील ही पहिलीच घटना असावी. ते हटले खरे, पण कानांपर्यंत लाल होऊन. "व्हिडिओत काय आले? उलटी चालणारी मुले! कळवतो."

परतीच्या बसमध्ये वडिलांना सांगायचे वाक्य रुचा जुळवत राहिली. एकही धड जुळले नाही.

दोन दिवसांनी फोन आला.

"बाई, मैदानावर रोलर फिरवायचा आहे, आणि मुले भिंतीपाशी उभी राहून, रोलरवाला त्या कोपऱ्याकडे वळला की एका सुरात ओरडतात. आपणच बिघडवलीत, आपणच समजवा. वर्षभराचे तास घ्या, पण समजवा!"

"येते, भैयासाहेब. पण समजवायला महिना तरी लागेल."

"महिना? कशाला?"

"पिल्लं चालती होईपर्यंत."

"बरे. तेवढा कोपरा सोडू," ते शेवटी म्हणाले.

"लागलं का काम?" शरदचंद्रांनी विचारले.

"लागलं," ती म्हणाली, पण फोन तिने हातातून खाली ठेवला नाही. कोपरा सोडायचे भैयासाहेबांनी कबूल केले होते. रोलरवाल्याला ते कोणी सांगितले असेल का, आणि शाळा सुटल्यावर ओरडायला तिथे कोण उरेल, हे तिला ठाऊक नव्हते. धारला लावलेला तिचा फोन कोणी उचलेना. तिने चपला घातल्या आणि बस गाठायला निघाली.