रेषा कुठे मारायची

कॉलेजातली मुलं गणिताच्या सरांना पाठीमागे ‘अर्धा मार्क’ म्हणत. नाव ठेवणाऱ्याने फारसं डोकं लढवलं नव्हतं. सर खरोखरच अर्धा मार्क देत आणि तितकंच मन लावून अर्धा कापत. पेपर तपासायची त्यांची तऱ्हाही जगावेगळी. आधी सगळ्या पेपरांचं पहिलं पान मागे दुमडायचं, म्हणजे नाव दिसायला नको. मग सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासायचा, मग सगळ्यांचा दुसरा. एकाचा पेपर सलग तपासला की आपण त्याच्यावर खूश तरी होतो नाहीतर चिडतो, असं त्यांचं म्हणणं. स्वतःवर इतका अविश्वास ठेवणारा माणूस एकटा राहिला यात नवल ते काय!

पास-नापासाची रेषाही ते ठरलेल्या आकड्यावर मारत नसत. पस्तीस ते पंचेचाळीसच्या मध्ये ती कुठेही मारायची मुभा कॉलेजने शिक्षकांना दिली होती. सर सगळे मार्क उतरत्या क्रमाने एका कागदावर लिहीत आणि दोन आकड्यांमध्ये मोठी फट दिसेल तिथे रेषा ओढत. त्यामुळे अर्धा मार्क कापणाऱ्या या माणसाच्या हाती अर्ध्या मार्कासाठी कुणी बुडत नसे.

यंदा मात्र फटी दोन निघाल्या. वर चव्वेचाळीस, खाली छत्तीस, आणि मधोमध चाळीसवर एकच पेपर.

नाव दुमडलेलं असलं तरी तो पेपर कुणाचा हे सरांना पक्कं ठाऊक होतं. गणित अडलं की उगाच पानं भरायची नाहीत, सरळ ‘इथे अडलं’ असं लिहायचं, हे ते दरवर्षी सांगत. अख्ख्या वर्गात ते मनावर घेतलं होतं एकट्या सिस्टरने.

सिस्टर म्हणजे हॉस्पिटलातली नर्स. चाळिशी उलटलेली, दोन मुलांची आई. हेड नर्स व्हायला पदवी हवी होती आणि पदवीतला हा एवढा एकच विषय तिच्या मानगुटीवर बसला होता. याही खेपेला नापास झाली तर ती जागा तिच्या मागून नोकरीला लागलेल्या मुलीला जाणार होती. वर्षभर दर बुधवारी ड्यूटी संपवून ती सरांच्या खोलीत शंका विचारायला आली. शंका संपल्या की वॉर्डातल्या गमती सुरू. रक्त बघून आडव्या झालेल्या शिकाऊ डॉक्टरची ती अशी नक्कल करायची की सरांना ठसका लागायचा. त्या खोलीतून हसू कसं ऐकू येतंय म्हणून येणारे-जाणारे डोकावत.

एरवी त्या दाराशी कोण येणार? रजेचा अर्ज घेऊन एखादा विद्यार्थी. घरी तर चार भिंती. बहीण फोन करायची, “दादा, जेवलास का?” विचारायची, आणि पुढे दोघांनाही काही सुचायचं नाही.

सरांनी पट्टी धरली आणि चव्वेचाळीसच्या खाली रेषा ओढली. सिस्टर नापास. पाया कच्चाच आहे तिचा, अजून एक वर्ष बसली तर पक्का होईल, असं त्यांनी स्वतःला बजावलं. मग चहा मागवला. बऱ्याच दिवसांनी अंग हलकं वाटत होतं. टेबलापलीकडच्या खुर्चीचा पाय डुगडुगत होता; नवं वर्ष सुरू व्हायच्या आत सुताराला सांगून तो नीट करून घ्यायला हवा, असं मनात आलं. वर एखादी उशी टाकली तर? दिवसभर उभी असते बिचारी.

आणि तोंडाशी नेलेला कप त्यांनी तसाच खाली ठेवला. ही खुर्ची आपण कुणासाठी दुरुस्त करतोय?

चहा निवून गेला. रेषा खोडायला रबर उचललं, तर हात तिथेच थबकला. लाज वाटली म्हणून पास करायचं, हाही पक्षपातच की! सरांचा स्वतःवरचा उरलासुरला विश्वासही उडाला. त्यांनी नुसते आकडे दुसऱ्या कागदावर उतरवले आणि शेजारच्या खोलीत संख्याशास्त्राच्या मॅडमसमोर ठेवले. मॅडम वयाने त्यांच्या निम्म्या.

“यात पासची रेषा मारून देता का?”

“मी? सर, अहो रेषा मारायला तुम्हीच तर शिकवलंत मला!”

“चष्म्याचा नंबर वाढलाय.”

मॅडमनी कागदावर नजर टाकली आणि चाळीसच्या खाली सर्रकन रेघ ओढली. “दोन्ही फटी सारख्याच आहेत. अशा वेळी खालची धरायची, तुमचाच नियम. विसरलात की काय? आणि कोण हो हा मध्येच लटकलेला?”

“आहे कुणीतरी,” सर म्हणाले. हा नियम त्यांना आज आठवलासुद्धा नव्हता.

निकाल लागला त्या दिवशी सिस्टर युनिफॉर्मवरच धावत आली. डोळे भरलेले, तोंडभर हसू.

“सर, सुटले एकदाची! पण खरं सांगा हं, तुम्ही ढकललंत ना मला?”

“नाही. माझ्या हातात असतं तर नापासच केलं असतं.”

ती खळखळून हसली. “तुमचं आपलं काहीतरीच!”

कित्येक वर्षांत सर कुणाशी इतकं खरं बोलले नव्हते. पण ते तिला कसं समजावणार? तेही तिच्याबरोबर हसले.

“आता हेड नर्स म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नाही,” पर्स खांद्याला लावत ती म्हणाली. “येते सर. फार केलंत माझ्यासाठी.”

सर उठून उभे राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं. वर्षभर जे म्हणत आले तेच तोंडून निघालं.

“शंका असली तर या.”

“आता कसली शंका, सर!” ती हसत म्हणाली आणि गेली.

जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज उतरत गेला, खालचं दार वाजलं. सर अजून उभेच होते. “शंका नसली तरी या,” ते मोकळ्या खोलीत म्हणाले. वाक्य काही फार अवघड नव्हतं.