गहिनीनाथांच्या काचपट्ट्या

‘प्रयोगशाळा-परिचर गहिनीनाथ यांच्या हलगर्जीपणामुळे एकवीस वर्षांतील सर्व काचपट्ट्यांवर शेतातील माती बसली आहे, सबब त्या नष्ट कराव्यात.’

चौकशी समितीच्या या वाक्याखाली पाच विद्वानांच्या सह्या आहेत. पाचांपैकी एकानेही पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली नाही. धरली असती, तर मातीच्या ओबडधोबड कपच्यांऐवजी केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढे गुळगुळीत गोल मणी दिसले असते: जळून गेलेल्या उल्कांचे थेंब. एखाद्या वर्षी त्यांच्यात धारदार काचकणही असत. ती दूरच्या ज्वालामुखींची राख.

दुसरा आक्षेप ‘नमुन्याभोवती पाणी शिंपडण्याच्या कर्मकांडा’चा. ते कर्मकांड मी पाहिले आहे. आमच्या संशोधन केंद्राचा फुगा दरवर्षी सावेडीहून सुटे, वरच्या हवेतली धूळ चिकट काचपट्टीवर टिपून तीस किलोमीटर उंचीवर फुटे, आणि पट्टीची आपोआप मिटलेली डबी हवाई छत्रीने खाली येई. मी पाहिले त्या वर्षी ती कोल्हारजवळ मालनबाईंच्या तापलेल्या नांगरटीत पडली. गहिनीनाथांनी चपला बांधावर काढल्या आणि हंडाभर पाणी मागितले.

“काय रं भाऊ, देव पडलाय व्हय वरून? चपला काढल्या त्या!”

“न्हाई मावशी, धुरळा उडतो.”

“मग डबीत काय हाय?”

“धुरळाच.”

“आन् माझ्या रानात काय कमी हुता?”

ते हसले, पण दारात टाकावा तसा सडा ओंजळीओंजळीने डबीभोवती टाकत राहिले. माती पुरती बसल्यावरच त्यांनी डबी उचलली. मी तेव्हा नवा प्राध्यापक, हातात वही घेऊन नुसता उभा. परतताना एसटीत डबी मांडीवर घेऊन ते ताठ बसले होते, मालनबाईंनी दिलेली भाकरीही त्यांनी सावेडीला उतरल्यावर खाल्ली. इतक्या निष्ठेने चाललेले संशोधन मी पुढे कोणत्याच विद्यापीठात पाहिले नाही.

अहवालाने त्यांच्या जबाबातले तीनच शब्द उचलले आहेत: ‘डबी मी उघडली.’ उरलेले शब्द समितीला जड झाले असावेत. संपूर्ण जबाब असा:

“व्हय, डबी मी उघडली. येकदाच. माझी मंडळी, रतनबाई, जाऊन बारा दिवस झालं हुतं. माझी पोरगी पूजा म्हनली, अण्णा, आई आभाळात गेली तर तुमच्या डबीत आसंल की. मग उघडली. दोघांनी लई येळ बघितलं. ती पट्टी मी त्याच दिवशी बाद केली, तसं वहीत लिवलंय. बाकीच्या फोडू नका, सायेब.”