काळी पाच

वैशाखातल्या त्या शुक्रवारी सकाळी आबांनी रोजच्यासारखी तंबोऱ्याची गवसणी काढली, भोपळ्यावरून पंचा फिरवला आणि खुंटीला हात घातला. मी सतरंजीवर बसून होते, पान वाढण्याची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखी.

आबा, म्हणजे माझे वडील हंबीरराव, पलटणीत पाइप वाजवायचे. काखेत हवेची पिशवी, तोंडात नळी आणि खांद्यावर तीन लांब नळ्या. धून कुठलीही असो, त्या तीन नळ्यांतून एकच स्वर अखंड चाललेला असायचा. लढाईत, इटलीमध्ये, त्यांच्या छातीत गोळ्याचा तुकडा शिरला. एक फुप्फुस गेलं आणि डॉक्टरांनी फुंकायला कायमची मनाई केली. साताऱ्याला परतल्यावर कितीतरी दिवस ते लग्नातल्या वाजंत्र्यापाशीसुद्धा थांबत नसत. पुढे मी सांगलीच्या बुवांकडे गाणं शिकायला लागले, मिरजेहून तंबोरा आला. पहिल्याच दिवशी त्यांनी तो कानाशी धरला.

“ही तर आपल्या पायपाची भन हाय,” ते म्हणाले. “एकच बोलती, पर सोडत न्हाई.”

तेव्हापासून तंबोरा लावायचं काम त्यांचं. मी शाळेतली जुनी पेटी घरी आणून ठेवली होती, पण ते तिचा आधार घेत नसत. “पेटीचा सूर म्हंजी पलटणीच्या लंगरातला भात. समद्यांना सारखाच.” पायपाचा स्वर त्यांच्या डोक्यात पक्का होता. तारा चढवत चढवत ते तिथंच येऊन थांबायचे. पेटीवर तो काळी पाचला, पाचव्या काळ्या पट्टीवर, यायचा.

माझा गळा त्याखालच्या काळी चारचा आहे. ऐकणाऱ्याला एका पट्टीचा फरक कळणारही नाही, पण गाणाऱ्याला तो वरच्या सप्तकात शिरल्यावर कळतो.

त्या वर्षी, म्हणजे १९४९ साली, मी बडोद्याला गाण्याच्या पदवीसाठी अर्ज केला होता. मी सव्वीस वर्षांची, मुलींच्या शाळेत मराठी शिकवणारी. पुढच्या वर्षी वयाच्या अटीत बसले नसते. प्रवेश मिळायचा तो परीक्षकांसमोर गाऊन, तंबोरा स्वतः लावून. बुवांनी बजावलं होतं, “राहीबाई, तिथं तुम्हाला फार तर पाव तास मिळेल. घरी पाच आणि इथं चार, असं दोन घरचं जेवण पुरे करा. गळा एका पट्टीत मुरू दे. वडिलांना सांगा.”

सांगा. दर रविवारी सांगलीहून परतताना गाडीत मी वाक्य जुळवायची. आबा समोर बसलेले असायचे, कारण तेही सोबत यायचे आणि बुवांच्या ओसरीवर दोन तास ऐकत बसायचे. साताऱ्याला उतरेपर्यंत वाक्य विरून जायचं. शाळेत मी पुस्तकी बोलते. ते घरी आल्यावर चपलांबरोबर बाहेर राहतं, आणि घरच्या बोलीत ही गोष्ट सांगायला मला शब्द सापडत नव्हते.

त्या शुक्रवारी वरच्या गंधाराला आवाज फाटला.

“दादा,” आत्या चुलीपासून ओरडली, “पोरगी गाती का इंचू चावलाय तिला?”

“तुज्या कानात धूर गेलाय, शाले.” मग ते माझ्याकडे वळले. “दम कमी पडतुया तुजा. फुंकर पोटातनं आली पायजे. ही बग, हितनं.” पोटावर हात ठेवून त्यांनी श्वास ओढून दाखवला आणि खोकत राहिले. खोकला थांबल्यावर त्यांनी काही झालंच नाही असं दाखवत तारेतल्या मण्याशी चाळा केला, तार केसभर आणखी चढवली.

“आबा,” मी म्हणाले.

“काय गं?”

“च्या टाकू?”

“टाक. गूळ जरा हात राखून.”

शनिवारी सकाळी आत्या त्यांना उठवायला गेली तेव्हा ते उठले नाहीत.

तेरा दिवस सुतक. घरात गाणं नाही, वाद्याला हात नाही. कुणीतरी तंबोरा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा केला. औंधकडचे पाहुणे आले. चुलते बाळासो दहाव्यानंतर म्हणाले, “आता कशापायी बडोदं? त्यो बघणारा गेला.”

“तारा पिळत बसायचा रोज,” आत्या त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “ते काय पाखरं हाकायला व्हय?”

बुवांचं कार्ड आलं. सुतक फिटल्यावर हातात पाच दिवस आहेत, त्यातले दोन प्रवासात जातील, लगेच या. मी ते वाचून कोनाड्यात ठेवून दिलं.

गायचं नाही हा नियम मला जड गेला नाही. उलट तो संपू नये असं वाटत होतं. मरणाबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे. लोक गेलेल्याचा अंगरखा जपतात, काठी जपतात. माझ्याकडे त्यांनी शुक्रवारी लावलेला स्वर होता. गवसणीच्या आत, चार तारांत, त्यांच्या हाताने पिळलेला. बडोद्याला जायचं तर तारा उतरवाव्या लागणार होत्या. न उतरवता गेले तर वरचा गंधार तिथंही फाटणार होता, आणि तसं झालं तरी चालेल, असंही दोन-तीन दिवस मनात येऊन गेलं.

चौदाव्या दिवशी सकाळी मी अंगण झाडलं, अंघोळ केली आणि गवसणी काढली. भोपळ्यावरून पंचा फिरवला. आबांची पलटणीतली घडीची खुर्ची समोर तशीच उघडी होती. मी जोडातली, मधली तार छेडली.

ती पाचात नव्हती.

दुसरी छेडली, तिसरी, खर्जाची. वैशाखाच्या उन्हात तेरा दिवसांत चारी तारा आपापल्या मर्जीने उतरल्या होत्या. खर्ज तर भलतीकडेच गेला होता. पेटीवर बोट ठेवून पाहिलं. पाच नाही, चारही नाही, मधलंच काहीतरी. मी ज्याची राखण करत होते ते कधीच निघून गेलं होतं.

आता खुंटी पिळणं भाग होतं, एका बाजूला किंवा दुसऱ्या. चढवली असती तर पेटीशिवायही मी बरोबर त्यांच्या जागेवर आले असते. इतकी वर्षं ऐकून ती जागा माझ्याही डोक्यात बसली होती.

आत्या दारात येऊन उभी राहिली. “काय झालं?”

“तारा उतरल्यात.”

“मग चढीव की. त्येला काय मुहूर्त बघायचा?”

मी खुंटीवर हात ठेवून बसले. मग ती मागं फिरवली. खुंटी करकरली, तार सैल झाली. पेटीच्या काळी चारवर एक बोट ठेवून मी तिला हळूहळू तिथं आणली. जोडाची दुसरी तार तिच्याशी मिळवली. दोन्ही एक झाल्या तेव्हा मी हात काढला आणि खुर्चीकडे बघितलं. आत्या ऐकत होती. ऐकू दे.

“आबा,” मी मोठ्यानं म्हणाले, “काळी पाच मला लय चढ जाती. मी चारात गाती.”