गोळीनंतरचा पारा

मी एक जुना, पाऱ्याचा थर्मामीटर आहे. चांगला झटकल्याशिवाय मी कामाला लागत नाही, हा माझा स्वभाव. माझं आयुष्य एका बुकबाइंडरच्या घरात गेलं. "हा सांगेल तेच खरं," असं त्याची थोरली बहीण, ताई, सगळ्यांना ऐकवायची आणि मी डब्यातल्या डब्यात फुशारून जायचो. मित्रांनो, तोच विश्वास एकदा अंगाशी आला.

रजिस्टर शिवताना बाइंडरच्या उजव्या अंगठ्यात दाभण घुसलं. अंगठा टम्म सुजला, ठणकू लागला. पण चाळीस रजिस्टरं द्यायची होती, म्हणून तो वेळ झाली की ठणक्याची गोळी घ्यायचा. गोळीनंतर तासाभराने ताई मला त्याच्या जिभेखाली ठेवायची.

"अठ्ठ्याण्णव! ताप नाही रे."

"मग उगीच डॉक्टर कशाला?" म्हणत तो पुन्हा दोरा ओवायचा.

माझा जीव खालीवर व्हायचा. अगं ताई, गोळीने तापही दबतो, गोळीच्या आधी लाव ना मला! पण मला बोलता कुठे येतं?

तिसऱ्या दिवशी गोळ्या संपल्या. दुपारी बाइंडरला हुडहुडी भरली. ताईने मला लावलं आणि पारा सरसर चढला. एकशे तीन! अंगठ्यापासून मनगटाच्या वरपर्यंत एक लाल रेघ गेली होती. ताईने मला रुमालात गुंडाळलं आणि भावाला घेऊन तडक दवाखाना गाठला.

सगळं ऐकून डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, जंतू शिरले की शरीर तिथल्या तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनवतं. त्यांच्यामुळेच सूज, ठणका, ताप. लढणाऱ्या पेशींना तिथे पोचायला तीच मदत करतात आणि पुढे लढाई झाली की 'आता आवरा' हेही तीच सुचवतात. तुमची गोळी ती फारशी बनूच देत नाही. ओरडा थांबला, जंतू कुठे थांबले?"

"अंगठा राहील ना?" बाइंडरने कसंबसं विचारलं.

"आज आलात म्हणून आशा आहे."

चीर द्यावी लागली, सलाईन लागलं. अंगठा वाचला, पण त्याचं टोक कायमचं बधिर झालं.

मित्रांनो, गोळी काही वैरी नाही. पण शरीर ओरडत असेल, तर त्याला गप्प करण्याआधी का ओरडतंय ते विचारा. आधी मला झटका, मग गोळी घ्या.

बाइंडर आता रोज काम संपलं की अंगठा खिडकीपाशी उजेडात धरतो आणि कुठे टोचलंय का ते शोधतो. काल म्हणाला, "ताई, थोडं दुखत असतं ना, तर बरं झालं असतं गं."