कासोंदेच्या घरातलं तांबं

“धागा हाताला लागत नाही गं,” दवाखान्यातल्या सिस्टर नामुकोलो म्हणाल्या आणि ब्वाल्याचा धीर सुटला.

पाळी लांबलेली, त्यात तांबीचा धागा नाही. धाकटीच्या वेळी इतकं रक्त गेलं होतं, की पुन्हा दिवस राहिले तर वाचायची नाहीस, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. पण तिन्ही मुलीच. सासू गावाहून मुळ्या पाठवायची, पुरुषाच्या ताकदीच्या, आणि नवरा कासोंदे रोज संध्याकाळी तोंड वाकडं करून त्यांचा काढा प्यायचा. वस्तीतले पुरुष त्यावरून त्याची टर उडवायचे. याला मुलगा हवाच आहे, असं ब्वाल्याने मनाशी धरलं आणि त्याला न सांगता तांबी बसवून घेतली.

त्याआधी तिने इंजेक्शन घेतलं होतं. त्याने पाळीच थांबली, तर आम्ही शेजारच्या बायका, हिला दिवस गेले समजून, तिच्या पोटाकडे बघून हसायला लागलो. तांबीने पोट दुखायचं, अंगावर जास्त जायचं, पण पाळी यायची. ती आली की ब्वाल्या कपडे धुताना चर्चची गाणी म्हणायची. एवढ्या आनंदाने ते कपडे धुणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

तपासणीत दिवस नाहीत असं निघालं. मग सिस्टरनी बारीक ब्रश फिरवून धागा खाली आणला.

“आहे जागेवर. आत वळून बसला होता. आणि चाळिशीला पाळी अशी चुकते कधीकधी. जा, पोटभर नशिमा खा.”

ब्वाल्या उठून बसली आणि मनसोक्त रडली. किती हलकं वाटलं म्हणून सांगू, असं ती नंतर मला म्हणाली.

बाहेर आंब्याखाली कासोंदे उभा होता, तांब्याच्या खाणीतल्या बुटांसकट. ती दवाखान्यात गेल्याचं मीच त्याला सांगितलं होतं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

“तांबी जागेवर आहे ना?” त्याने विचारलं.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“मुटालेच्या आई, जन्मभर केबलची टोकं हाताळतोय मी. धागा कळणार नाही मला? खाणीच्या गेटवर रोज बूट काढून झडती घेतात, तांबं चोरलं का म्हणून. आणि घरात बघावं तर हे.”

“बोलला नाहीत कधी.”

“तू बोलली नाहीस. धाकटीच्या वेळची तुझी चादर मीच धुतली होती.”

“मग आईंना काय सांगता?”

“दोष माझ्यात आहे म्हणून सांगितलंय.”

तिला काढा आठवला. “मग तो कशाला पिता?”

“एक खोटं बोललोय. प्यायलास का, असं ती फोनवर विचारते. दुसरं कसं बोलू?”

दोघं घरी आली. संध्याकाळी त्याने काढा उकळून पेल्यात ओतला आणि नेहमीसारखं तोंड वाकडं केलं. ब्वाल्याने पेला त्याच्या हातातून घेतला, त्यात साखर घातली, नीट ढवळली आणि परत दिला.