दोन दिवसांची पाहुणी

“यहाँ भी सब ठीक है?” मोतीलाल साहेबांनी छत्री मिटत विचारलं. वामनने मान डोलावली. सकाळपासून बरीच घरं झाली होती, पण आपल्या म्हाताऱ्याला वेगळ्या घराची गरज आहे असं कोण कबूल करणार? म्हातारे दारात बसलेले आणि उत्तरं सुना देत होत्या.

कागदाच्या कारखान्यामुळे नेपानगरची वसाहत वाढत चालली होती. पोरं तिकडे नोकरीला, आईबाप इकडे बुऱ्हाणपुरात. त्यांच्यासाठी वसाहतीत छोटी घरं बांधली तर कितीजण येतील, हे पाहायला नव्या राज्याने थेट भोपाळहून साहेब धाडले होते. आता राजधानीचं नागपूर मागे पडलं, हिंदीचं राज्य आलं. दुभाष्या हवा म्हणून कारखान्यातला कारकून वामन सोबतीला. कालच त्याने छाती पुढे काढून साहेबांना सांगितलं होतं, “साहब, हमारे यहाँ बूढ़े लोग घर में ही रहते हैं. मेरी माँ भी मेरे पास ही है.” बोलायला काय जातं?

पुढचं घर दिसताच ते मागे टाकायला वामनची चाल वाढली. पण ऊन मी म्हणत होतं, साहेबांच्या घशाला कोरड पडली होती, आणि ओसरीत एक म्हातारी मडक्यापाशी बसली होती. “माताजी, थोड़ा पानी मिलेगा?” म्हणत साहेब सरळ आत शिरले. वामनला मागोमाग जावंच लागलं.

आतून वामनची बहीण रजनी तांब्या घेऊन आली आणि थबकली. “दादा? आज वाट कसा चुकला?”

“दादा?” साहेबांनी वळून पाहिलं. “तो ये आपकी माताजी हैं?”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं वामनला झालं. बायकोचं आणि आईचं पटेना म्हणून ‘दोन दिवस’ लेकीकडे आणून सोडलेली ही भागाबाई. त्या दोन दिवसांना वर्षं उलटली होती. आगगाडीने अर्ध्या तासाची वाट, तीही त्याला होत नव्हती. भाऊबीजेलासुद्धा रजनीच त्याच्याकडे जायची.

भागाबाईने लेकाचा चेहरा पाहिला आणि काय समजायचं ते समजली. “हौ साहेब. मी वामनपाशीच राहते. दोन दिवस पाहुनी आली लेकीकडे. बहुत जीव लावतो पोरगा.”

रजनीने तांब्या पुढे केला. भागाबाईने सवयीने तो मागे सारला आणि आपल्या मडक्यातलं पाणी काढलं. “हे घ्या. हे माझं पानी आहे, मीच भरते नळावरून. लेकीले लेकरू नाही अजून, तिच्या घरचं पानी कसं प्यावं?” जेवणाला इलाज नव्हता, निदान पाणी तरी तिने आपलं ठेवलं होतं.

पाणी पिताना साहेबांची नजर खाली गेली. मडक्याखालच्या फरशीवर हिरवं शेवाळ दाट धरलं होतं. दोन दिवसांत तेवढं धरत नाही.

“हमारे यहाँ भी यही रिवाज है,” ते हलकेच म्हणाले. मग थांबून, “वामनजी, एक घर आपके लिए भी रखें?”

हो म्हणायला एवढंसं तोंड उघडायचं होतं. भागाबाईचा हात पदराशी थांबला. तिला हवं होतं, ते लपलं नाही.

“नहीं साहब,” वामन म्हणाला. “माँ तो मेरे पास ही है.”

साहेब नमस्कार करून बाहेर पडले. वामनला आईकडे बघवेना. काहीतरी करायचं म्हणून तो मडक्याकडे वाकला. “दे, मी भरून आणतो.”

“राहू दे.” तिने मडकं कमरेवर घेतलं. आवाजात राग नव्हता, तेच त्याला सोसवेना. “गल्लीत मी सांगतलं आहे, पोरगा दूर मद्रासले नोकरीले आहे, येता येत नाही. नेपानगर सांगितलं असतं तं लोक तुलेच नावं ठेवते.”

दोघं एकदमच दारापाशी आली. समोरच्या ओट्यावरून शेजारणीने हाक मारली, “भागाबाई, कोन आलं व?”

“सरकारी मानसं आहेत, माय.”

दार अरुंद होतं. परक्या बाईला वाट द्यावी तसा वामन अंग चोरून बाजूला उभा राहिला. आई मडकं घेऊन नळाकडे गेली.