प्रतिभाची शीट

पुस्तक वाचून कुणाला कळतं, वर्गात ऐकून कुणाला. हरसूलच्या हिरामणला यातलं काहीच लागू पडत नव्हतं. त्याला कळायचं ते हातातून. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, सत्त्याण्णव साली, ड्रॉइंगचे सर फळ्यावर शंकू उभा-आडवा कापून दाखवायचे आणि हिरामणच्या डोक्यात काडीचा प्रकाश पडायचा नाही.

म्हणून तोही बाकीच्यांसारखा जीटी मारायला लागला. जीटी म्हणजे दुसऱ्याची शीट काचेवर, वर आपली कोरी, खालून उजेड, आणि रेघेवर रेघ ओढायची. अर्ध्या नाशिकचे इंजिनिअर या काचेवरून पार झालेत, उगाच कुणी सोवळेपणा सांगू नये. होस्टेलची मुलं काचेखाली ट्यूब लावायची. हिरामण दुपारच्या उन्हात खिडकीलाच शीट चिकटवायचा. शीट असायची वर्गातल्या प्रतिभाची. मखमलाबादला तिच्या घरचा फुलांचा मळा. शीटच्या गुंडाळीला कधीकधी शेवंतीचा वास यायचा.

इतर मुलं गाणी ऐकत गिरवायची. हिरामणला मात्र गिरवता गिरवता कळायला लागलं. प्रतिभाने कुठे पेन्सिल दाबली, कुठे खोडून पुन्हा काढलं, सगळं बोटांना लागायचं. दिवाळीपर्यंत त्याला अख्खा विषय आला, आणि प्रतिभाही भलतीच आवडायला लागली. आता पंचाईत अशी, की विषय येतो म्हणावं तर शीट मागायला तोंड कुठलं? तो गप्प बसला आणि शीट मागत राहिला.

दिवाळीनंतर तिच्या प्रत्येक शीटमध्ये एक चूक सापडू लागली. मागे दडलेली कड तुटक रेघेने दाखवायची, तर हिची सरळ अखंड. बिचारी दमत असेल, असं म्हणून तो हलक्या हाताने खोडायचा, नीट करायचा आणि काही न बोलता शीट परत द्यायचा. तिचे मार्क जाऊ नयेत, एवढंच.

एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा झाली. हिरामणने फटाफट उत्तरं दिली. मागेच रांगेत उभी असलेली प्रतिभा आपली परीक्षा आटोपून त्याला बसस्टॉपवर भेटली.

"तुला सगळं येतं. मला केव्हाच कळलं होतं."

"मग शीट का देत राहिलीस?"

"तू का नेत राहिलास?"

"तुझी रेघ लय चांगली असते."

"चुका मी मुद्दाम ठेवायचे," प्रतिभा म्हणाली. "म्हटलं, एकदा तरी विचारायला थांबशील, हे असं का काढलंस म्हणून भांडशील. तू आपला गुपचूप दुरुस्त करून परत."

"मला वाटलं, तुला वाईट वाटेल."

"वाटलंच."

हिरामणला कानकोंडं झालं. "शेवटच्या शीटमध्ये चूक सापडली नाय मला."

"ठेवलीच नव्हती. किती वाट बघायची माणसाने? जूनपासून मी पुण्याच्या कॉलेजला चाललेय."

'थांब' म्हणायला त्याचा जीव तुटत होता. मखमलाबादची बस लागली, आणि ती चढून गेली.